पाच बोल्ट आणि एक खुंटी

आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यात एकही गाडी वरून पाहिलेली नाही. लोक गाडीचा रंग बघतात, आतल्या गाद्या दाबून बघतात, काच खालीवर करून बघतात. काका सरळ उकिडवे बसतात आणि चाकाच्या मध्यभागी डोकावतात. ही गाडी स्टडची की बोल्टची, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. स्टडची निघाली तर चेहरा उजळतो, बोल्टची निघाली तर मालकाकडे ते असं बघतात की घरात कोणी आजारी आहे की काय असं त्या बिचाऱ्याला वाटावं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिलाच. माण तालुक्यातून नोकरीसाठी डोंबिवलीत आलो आणि मानपाड्याला काकांच्या शेजारची जागा भाड्याने घेतली, तेव्हा चाक गाडीला कशाने जोडलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं दुःखही नव्हतं. काकांनी ते दुःख पहिल्याच आठवड्यात मला दिलं. ते जवळच्या कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासण्याच्या कामावर होते आणि तिथूनच निवृत्त झालेले. मला जिन्यात थांबवून म्हणाले, "स्टड म्हणजे काय, तर गाडीच्या अंगातच रोवलेल्या खुंट्या. चाक त्यांच्यावर टांगायचं आणि मग निवांत एकेक नट फिरवायचा. बोल्टच्या गाडीला खुंटीच नसते. नुसती भोकं. म्हणजे चाक मांडीवर घेऊन बसा, एका हाताने सावरा, दुसऱ्या हाताने बोल्ट धरा आणि भोकाला भोक जुळतंय का ते बघत बसा. अरे, सदरा अडकवायला खुंटी लागते आपल्याला, आणि पंधरा किलोच्या चाकाला नको?" मला ते पटलं. खरं तर माझ्याकडे तेव्हा सायकलही नव्हती.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला मात्र ते कधीच पटलं नाही. "काका, बोल्टचा आटा गेला तर पाच मिनिटांत नवीन बोल्ट. तुमचा स्टड तुटला तर अख्खं उघडायला लागतं, त्याचं काय?" असं तो म्हणायचा. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "आणि तुझा बोल्ट वाकडा घुसून आतलाच आटा गेला तर? तेव्हा काय उघडशील, दुकान?" दोघांचा हा वाद इतकी वर्षं चालला आहे की एखादा दिवस काका फिरकले नाहीत तर तो माझ्याकडे त्यांच्या तब्येतीची चौकशी करतो.

बाळकुमच्या एका लग्नातली गोष्ट. वरातीची गाडी झेंडूच्या माळांनी मढवून कार्यालयाच्या दारात उभी होती आणि काका तिच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. नवरीच्या बहिणींना वाटलं, हे वरपक्षाचे, नवरदेवाचे बूट लपवून ठेवले होते ते शोधायला आलेत. चारपाच मुली धावत आल्या. "ओ आजोबा, बूट इथे नाहीयेत, उठा उठा!" काका शांतपणे म्हणाले, "बूट राहू द्या. नट कुठाय?" चारातला एक नट खरोखरच नव्हता आणि दुसरा बोटाने फिरत होता. तोवर नवरानवरी येऊन गाडीत बसलेली, बँडवाले खोळंबलेले, आणि काकांनी मागच्या डिकीतून पाना काढायला लावून उरलेले तिन्ही नट आवळले. शिवाय चालकाकडून, वाटेत पहिलं दुकान लागेल तिथे चौथा नट घ्यायचा, असं शपथेवर कबूल करून घेतलं. मुलीचा बाप आधी चिडला होता. नंतर त्याने काकांना आग्रह करून दुसऱ्यांदा जेवायला बसवलं.

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. पैसे घेतले नाहीत. घ्या म्हटल्यावर रागावले. पण पहिले आठ दिवस त्यांनी मला गाडीत बसू दिलं नाही. रोज सकाळी त्यांच्या जुन्या गाडीचं चाक काढायचं आणि परत बसवायचं. "समोरासमोर आवळायचे! पंगतीत वाढल्यासारखा ओळीने कसला जातोस?" मी घामाघूम होऊन विचारायचो की, काका, चालवायला कधी शिकवणार? "चालवतात सगळेच," ते म्हणायचे. "ज्याला चाक बदलता येत नाही त्याने गाडी रस्त्यावर आणू नये." हा नियम त्यांनी मला सांगितला, स्वतःच्या लेकीला सांगितला आणि एकदा तर लिफ्टमध्ये एका पूर्ण अनोळखी बाईलाही सांगितला.

त्यांचा दुसरा नियम असा की चाक काढून बसवलं की पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघायचं. आता पन्नास किलोमीटर म्हणजे किती, तर कोलशेतला लेकीकडे जाऊन परत आलं की जवळजवळ तेवढंच होतं. त्यामुळे चाक निघालं की काका आणि काकू कोलशेतला. लेक, मृणाल, दार उघडल्याबरोबर विचारायची, "बाबा, माझी आठवण आली म्हणून आलात की चाक काढलं होतंत?" "चाक काढलं होतं," काका सांगायचे. दर पंधरा दिवसांनी एका धडधाकट गाडीचं चाक का काढावं लागतं, हे मला बरेच दिवस कळलं नाही. काकूंनी एकदा हळूच सांगितलं, "ह्यांना फोनवर बोलता येत नाही रे. कशी आहेस, बरी आहेस, ठेवतो. तीन वाक्यांत संपतं. तिच्या घरी जाऊन तासभर गप्प बसले की मग ह्यांना बरं वाटतं."

मग त्यांची जुनी गाडी वयापायी मोडीत निघाली. मृणालने स्वतःसाठी नवी घेतली आणि आपली वापरलेली गाडी बाबांना दिली. गाडी उत्तम होती. काका आनंदाने खाली उतरले, उकिडवे बसले आणि तसेच बसून राहिले. बोल्ट. प्रत्येक चाकाला पाच. लेकीने प्रेमाने दिलेली वस्तू, बोलायची सोय नाही. दोन दिवस ते पंक्चरवाल्याच्या दुकानावरून गेले नाहीत, लांबच्या रस्त्याने भाजी आणली.

त्यातच गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. हात बरा झाला, पण पूर्वीचा राहिला नाही. मृणाल म्हणाली, "बाबा, आता ड्रायव्हिंग बंद. मी येत जाईन ना." काका म्हणाले, "हात ठीक आहे." हे असं महिनाभर चाललं. तिला नोकरी, तिची मुलगी दहावीत. ती किती वेळा येऊ शकेल ते तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. नियम तुमचाच आहे. येत्या रविवारी माझ्यासमोर चाक बदलून दाखवा. कोणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर परत मी शब्द काढणार नाही." काकांना नाही म्हणता आलं नाही. स्वतःचाच नियम तो.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला घरात बोलावलं, दार लावलं आणि खिशातून रुमालात बांधलेली एक वस्तू काढली. जुना बोल्ट होता. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी त्याचं डोकं कापून घेतलं होतं, टोक लेथवर गोल करून घेतलं होतं. "खुंटी," ते म्हणाले. "वरच्या भोकात ही आधी फिरवायची. चाक हिच्यावर टांगायचं. चार बोल्ट लागले की ही काढायची आणि पाचवा लावायचा." आयुष्यभर ज्या गाड्यांना नावं ठेवली त्यांतल्या एकीला त्यांनी स्वतःच्या हाताने खुंटी दिली होती. मी पदवी घेतली त्या दिवशी माझे वडील दिसले होते तसे काका त्या वेळी दिसत होते.

रविवारी इमारतीखाली आम्ही चौघंच. मृणाल हाताची घडी घालून उभी, काकू चहाचा थर्मास घेऊन. काकांनी जॅक लावला, बोल्ट काढले, चाक उतरवलं, खुंटी फिरवली. स्टेपनी पायाच्या चवड्यावर घेऊन उचलली आणि ती अलगद खुंटीवर जाऊन बसली. मृणालच्या तोंडून "अरे वा, बाबा!" निघालंच. मग चार बोल्ट, खुंटी बाहेर, पाचवा बोल्ट, गाडी खाली, आणि समोरासमोर शेवटची आवळणी. शर्ट पाठीला चिकटला होता, पण सगळं एकट्याने. "जिंकलात," मृणाल म्हणाली, आणि तिच्या आवाजात हरल्याचं काहीच नव्हतं. "चला, चहा घ्या आता."

काकांनी कप हातात घेतला नाही. मला म्हणाले, "वर कपाटात टॉर्क पाना आहे, घेऊन ये." हा पाना त्यांच्या निवृत्तीनंतरची एकमेव चैन. किती जोर लागला पाहिजे ते त्यावर आधी लावून ठेवायचं. तेवढा जोर झाला की तो कट् असा आवाज करतो. बोल्ट आधीच पुरेसा आवळलेला असेल तर जागच्या जागी आवाज येतो. "लाव," ते म्हणाले. मी लावला. बोल्ट पाव फेरा फिरला आणि मग कट्. दुसराही तसाच. तिसराही. मी चौथ्याला थांबलो आणि त्यांच्याकडे पाहिलं. "पाचही बघ," ते म्हणाले.

"बाबा, पाव फेरा तर आहे," मृणाल म्हणाली. "आणि कोणी तपासायला सांगितलं होतं? मी मानलं होतं ना."

"पाव फेऱ्यासाठी मी लोकांचा गाडीभर माल परत पाठवलाय," काका म्हणाले. "त्यांनाही घरी मुलंबाळं होती." मग त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

मृणालने ती लगेच घेतली नाही. महिनाभर हट्टाने मागितलेली वस्तू हातात आल्यावर ती तिला नकोशी झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काका, दर दुसऱ्या रविवारी मी रिकामाच असतो. कोलशेतला मी नेईन तुम्हाला." किल्ली माझ्या हातावर ठेवताना त्यांनी माझी बोटं तिच्यावर मिटवली, लहान मुलाच्या हातात खाऊ देतात तशी.

त्याच दुपारी आम्ही निघालो. मृणाल तिच्या गाडीने पुढे, काकू मागच्या सीटवर, आणि काका ह्या गाडीत पहिल्यांदाच डाव्या बाजूला. दार लावून त्यांनी चालकाच्या सवयीने सीटच्या पट्ट्यासाठी उजव्या खांद्याकडे हात नेला. तिथे काहीच नव्हतं. हात थोडा वेळ तिथेच चाचपडत राहिला. डावीकडे बघा, असं मी सांगू शकलो असतो. पण मी गाडी सुरू न करता समोर बघत बसलो, त्यांना तो आपला आपण सापडेपर्यंत.