ह्यांच्या कानाच्या मशिनी आणि जुना लॅपटॉप

मी बोलणारी बाई आहे. शिरपूरहून वाशीमला बस पोचेपर्यंत शेजारणीचं माहेर, सासर आणि दोन्हीकडची भांडणं मला पाठ होतात. आणि नवरा मिळाला पिठाच्या चक्कीवाला. चाळीस वर्षं पट्ट्याच्या घरघरीत उभं राहून ह्यांचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. चक्की विकली तोवर ह्यांना काही सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगायचं, असं झालं होतं.

वाशीमला एक कानाच्या मशीनवाले होते. त्यांनी ह्यांना दोन मशिनी बसवून दिल्या. त्या तारेनं एका डबीला जोडायच्या, डबी कॉम्प्युटरला, आणि पडद्यावरच्या रेघा वर-खाली केल्या की आवाज कमी-जास्त होतो. दरवर्षी आम्ही जायचो, ते रेघा थोड्या वर सरकवायचे आणि येताना बसमध्ये हे माझ्याशी बोलत यायचे. मग त्यांनी दुकान बंद केलं आणि नागपूरला त्यांच्या लेकाकडे राहायला गेले. जाताना डबी, तारा आणि एक सीडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

"काकू, या मशिनी आता कंपनीतून निंगत नाहीत. या डबीचं शेवटचं गिऱ्हाईक तुमीच."

यंदा पोळ्यानंतर ह्यांचं विचित्र सुरू झालं. चहा घेता का म्हटलं की "हो". दूधवाला आला म्हटलं की "हो". मांजरानं दूध सांडलं म्हटलं तरी "हो".

"मशीन कानात हाय का काढून ठेवली?" मी ओरडायची. "माह्यं आयकाव लागू नये म्हून काढूनच ठेवत असान तुमी."

हे हसायचे. काय समजून हसायचे कोण जाणे. आमच्या लेकानं फोनवर नव्या मशीनचा विषय काढला, तर ह्यांनी हातानंच नाही म्हटलं. सरावाची चप्पल आणि सरावाची मशीन हा माणूस बदलत नाही.

माझ्या डोक्यात मात्र एकच बसलं होतं. रेघा उतरल्या असतील. चक्कीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावली नाही की पीठ भरड येतं, तसं ह्यांना बोलणं भरड येत असेल. टाकी लावली की झालं.

दिवाळीला लेक त्याचा लॅपटॉप घेऊन आला होता. डबी लावली, तर त्यानं तिला ओळखच दाखवली नाही. नागपूरला मशीनवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "नव्या सिस्टीमवर नाही चालत ते काकू. तवाची जुनी सिस्टीम पायजे."

लेकाच्या कॉलेजातला लॅपटॉप कपाटावर पडून होता. त्याच्यावर नंतरची सिस्टीम टाकलेली, ती चालू होईपर्यंत वरण शिजायचं. तो घेऊन मी वाशीमला एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं झाकण उघडलं आणि लगेच मिटलं.

"आजी, याले भंगारात द्या. जुनी सिस्टीम आता कोनी टाकत नाही."

"सीडी तर असन ना?"

त्यानं खण उपसून एक सीडी काढली. "घ्या. पन टाकान कोन?"

"मी."

"टाका मंग," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला.

हसू दे. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी अक्षरं मी चक्कीवर येणाऱ्या पोत्यांवरून शिकले. मोबाइलवर व्हिडिओ थांबवत थांबवत सगळं वहीत उतरवून घेतलं. चालू करताना कोणतं बटण दाबायचं, यादीत सीडीचं नाव वर कसं आणायचं. तीन दुपारी गेल्या.

आणि सीडी काही चालेना. आत नुसतं कुरकुर वाजायचं आणि पडदा काळाच. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मला आठवलं. दसऱ्याला आपण सगळी अवजारं पुजतो. चक्की होती तेव्हा तिच्या तोंडात अक्षता टाकायची माझी रीत. चक्की गेली आणि पूजेला लॅपटॉप आला, तर मी त्याचाही सीडीचा कप्पा उघडून, हेच याचं तोंड समजून, दरसाल चिमूटभर अक्षता टाकत आले होते. वरून हळद-कुंकू.

काटा काढायच्या चिमट्यानं एकेक दाणा काढला. आतला काचेचा बारका डोळा वातीच्या कापसानं पुसला. हे समोर बॅटरी धरून बसले होते. म्हणाले, "भात लावून राह्यली का वं त्यात?"

मग सीडी चालली. आधीचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं लॅपटॉपनं विचारलं. पुस म्हटलं. दिवसभर पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकत होती. तीन वेळा आपोआप बंद पडून चालू झालं आणि दिवेलागणीला निळा पडदा आला. आतला सेल मेलेला, म्हणून कोपऱ्यात तारीख पंधरा-सोळा वर्षं मागची दाखवत होता. तेव्हा चक्की चालू होती. हे मला हाक मारायचे आणि मी दिलेली ओ ह्यांना ऐकू जायची.

मग मशीनवाल्यांनी दिलेली सीडी टाकली, डबी लावली. ह्यांच्या कानातल्या मशिनी काढून तारांना जोडल्या. पडद्यावर रेघा उमटल्या. नागपूरला व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्यासमोर धरला.

ते म्हणाले, "काकू, रेघा वरच्या कडेले टेकल्या हायेत."

"थोड्या अजून वर करू का?"

"कडेले टेकल्या म्हनतो ना. मांगच्या बारीले मीच टेकवल्या होत्या. मशीन चांगली हाय. कानच राह्यले नाहीत आता."

"नवीन मशीन घेतली त?"

"आवाज येईन. बोलनं नाही समजनार. तवाच सांगनार होतो, पन तुमी दोघं इतके बोलत आल्ते, मले नाही सांगवलं."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. कोपऱ्यात एक लहान चौकट होती, तिच्यात आकडा होता. "हे पंधरा कायचे?"

"रोज किती तास मशीन कानात असते, ते लिहून ठेवते ती. पंधरा तास. झोपतानाच काढत असतीन काका."

मी फोन ठेवला. हे उघडे कान घेऊन समोर बसले होते.

"झालं का वं?"

मशिनी मी माझ्या हातानं ह्यांच्या कानात बसवल्या. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी काहीच बोलले नव्हते.

"हो," हे म्हणाले.

लॅपटॉप परत कपाटावर ठेवलाय, त्या मागच्याच तारखेत. मशिनींचे सेल आठवड्याला संपतात, ते मी वाशीमहून आणते. लेक म्हणतो, "कायले आनतं वं आई आता?" हे सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी मशिनी मागतात. म्हणून आणते.