पन्नीवरची माती

राऊ गावाच्या पुढे रस्ता सोडून थोडं आत गेलं की आमच्या संस्थेचं प्रयोगाचं शेत होतं. कोरडवाहू काळी माती, सोयाबीन निघाल्यावर उघडीच पडलेली. माझं काम म्हणजे जमिनीत रोवलेल्या लोखंडी कड्यांवर झाकणासारखं यंत्र बसवायचं आणि माती हवेत किती कार्बन सोडते ते स्क्रीनवर बघून टिपायचं. राजेंद्र नगरातून स्कूटरवर निघताना आई विचारायची, "आज फिर मिट्टी की साँस मोजायला चाललीस?" मी हो म्हणून हेल्मेट घालायचे.

वाळलेली माती फारसं काही सोडत नाही. तिच्यातले सूक्ष्म जीव निपचित पडलेले असतात. पण तापलेल्या जमिनीवर भर उन्हाळ्यात अचानक सर आली, की ते एकदम जागे होतात, मातीत साठलेला पालापाचोळा, मुळं, जे असेल ते खात सुटतात आणि कार्बन भसाभस बाहेर येतो. तो परत ओढून घ्यायला शेतात पीक नसतं. आमच्याकडे अशी सर पूर्वी क्वचित यायची. आता एप्रिल म्हणू नका, मे म्हणू नका, कधीही येते, आणि मधले दिवस आणखी भाजून काढतात. माती भिजते, वाळते, पुन्हा भिजते. दर खेपेला तिच्यातलं थोडं हवेत जातं.

प्रयोगाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्यांनी सांवेर रोडवरच्या एका कारखानदाराला पटवलं होतं, की ही जमीन हवेतला कार्बन गिळून बसते. धूर त्यांच्या कारखान्याचा; तो आमच्या शेतात जिरतो असा कागद त्यांना, आणि त्याचे पैसे आमच्या संस्थेला. ते साहेब शेत बघायला येणार होते, आणि नेमका आदल्या दुपारी पाऊस पडला.

सकाळी मी पोचले तेव्हा सर पाहुण्यांसाठी घातलेल्या मंडपाजवळच्या कड्याशी उकिडवे बसले होते. हातात मिठाईच्या खोक्यावरची पन्नी, पातळ प्लास्टिकची. ती त्यांनी कड्यात अंथरली, कडेने चेपून बसवली आणि वरून ओंजळभर सुकी माती पसरायला लागले.

"सर, हे काय?"

"अहो मॅडम, टेन्शन मत लो. आज रीडिंग वर गेलं तर गेस्ट लोकांना काय सांगणार? ओला दिवस आहे, अपवाद आहे."

"अपवाद कसला? या उन्हाळ्यात असं कितीदा झालंय, तुम्हीच बघा ना."

"म्हणूनच तर." ते हसले. "यंत्र इथेच लावायचं. समझे?"

मग त्यांनी पँटला हात पुसले आणि त्याच हाताने कचोरी उचलली. नखांत काळी माती, ओठांवर तेल. मला शिसारी आली. या माणसाकडून मी हे काम शिकले होते.

साहेब आले, बरोबर कॅमेरेवाला आणि चार-दोन माणसं. गाडीतून उतरताच साहेबांनी डोळे मिटून श्वास घेतला. "वाह, क्या खुशबू है मिट्टी की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी यंत्र सरांच्या कड्यावर बसवलं. आकडा जागचा हलेना. सर म्हणाले, "देखिए साहब, धरती कुछ छोड़ ही नहीं रही." टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

मला राहवेना. मी यंत्र उचललं आणि शेजारच्या कड्यावर ठेवलं. आकडा चढायला लागला, आणि चढतच राहिला.

"ये क्यों बढ़ रहा है?" साहेबांनी विचारलं.

"क्योंकि ये असली मिट्टी है, साहब. उस वाले में पन्नी बिछी है." मी वाकून सुकी माती बाजूला केली आणि पन्नी ओढून वर धरली. तिच्यावर अजून बर्फीचा चिकटा होता.

सर खाली बघत होते. मला वाटलं, आता साहेब चिडतील, जाब विचारतील. साहेबांनी एकदा पन्नीकडे बघितलं, एकदा सरांकडे. मग कॅमेरेवाल्याकडे वळून म्हणाले, "भिया, फोटो तो पहले वाली की आ गई ना?"

"आ गई, सर."

"बस फिर!" ते हसले, आणि मग सगळेच हसले. सरसुद्धा. मंडळी पोहे-जिलबी खायला मंडपात गेली. पाकाने माखलेल्या प्लेटा त्यांनी प्रयोगाच्या वाफ्यातच टाकल्या, आणि थोड्या वेळात त्यांवर माश्या घोंगावायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात मला शेतावरून काढून ऑफिसात बसवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यात उन्हाळी पावसाचं एकही रीडिंग नव्हतं, आणि खाली माझं नाव छापलेलं होतं. ते काढा म्हणून मी तीनदा सांगितलं. काढलं तेव्हाच राजीनामा दिला.

आता मी एका कॉलेजात शिकवते. मध्यंतरी सरांचा फोन आला. "मॅडम, नाराजगी छोडो. त्याच साहेबांकडून शेजारच्या जिल्ह्यात आणखी मोठा प्रोजेक्ट मिळालाय. तुमच्यासारखी मेहनती माणसं पाहिजेत." आवाज अगदी मायेचा.

"त्या माणसाला खरं कळलं होतं ना, सर? मग प्रोजेक्ट मिळाला कसा?"

"अहो, कळलं म्हणूनच तर मिळाला," ते म्हणाले.

मी फोन ठेवला. आई ताट वाढून वाट बघत होती. मी तिला म्हटलं, तू जेवून घे, मला आज नको.