कर्नलसाहेबांची घडी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक रिटायर्ड कर्नल राहायचे. पंधरा ऑगस्टला संध्याकाळी झेंडा उतरवला की त्याची घडी तेच घालणार. कोपऱ्याला कोपरा जुळला नाही, तर सेक्रेटरीचीसुद्धा खरडपट्टी. "शिस्त म्हणजे निष्ठा, कळलं?" हे पालुपद पाण्याच्या टाकीवरून भांडतानाही चालू असायचं.

एका निवडणुकीत त्यांनी अचानक पक्ष बदलला आणि मलबार हिलच्या एका बिल्डरला पाठिंबा दिला. मैदानातल्या सभेत बिल्डरने सुरुवात केली, "घाटकोपरच्या बंधुभगिनींनो!" मुलुंडकर एकमेकांकडे बघायला लागले. पहिली टाळी कर्नलसाहेबांची. त्यांच्या हुकुमाची सवय असल्याने आम्हीही वाजवल्या.

जुन्या पक्षाचं उपरणं सगळ्यांदेखत उतरवायचं म्हणून ते मुद्दाम घालून आले होते. ते काढून एक टोक त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या हातात दिलं. कोपऱ्याला कोपरा जुळवून झेंड्यासारखी घडी घातली आणि पदकांखालच्या खिशात अलगद ठेवली.

"साहेब, हे आता कशाला?" मी हळूच विचारलं.

"चौकी सोडताना सामान मागे टाकायचं नसतं रे," नव्या उपरण्यासाठी मान वाकवत ते म्हणाले. "परत ताबा घ्यायचा झाला तर?"