पासिंगपुरती बत्ती

माझ्या टॅक्सीच्या डॅशबोर्डावर दोन बत्त्या होत्या. लाल चार्जिंगची, हिरवी ऑइलची. किल्ली फिरवली की दोन्ही लागायच्या, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझायच्या. एखादी विझली नाही तर समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. एवढी साधी गोष्ट. पण तिच्यापायी मी एका भल्या माणसाचं नाव खराब केलं, आणि ते सावरायची वेळ आली तेव्हा मूग गिळून बसलो.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पांढरकवड्यात वकिलाकडची कारकुनी सोडून मी जुनी मोटार घेतली होती. आमच्या घरात तीन पिढ्या दौत आणि टाक. मी स्टिअरिंग धरलं तेव्हा वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. टॅक्सी चालवून दाखवायचीच, असा हट्ट माझ्या डोक्यात शिरला तो तेव्हापासून.

गाडीचं काम हैदराबाद सडकेवरच्या एका मिस्त्रीकडे असायचं. गाव त्यांना चाचा म्हणायचं. पत्र्याचं शेड, बाहेर एक कडुनिंब. नागपूरचे ट्रकवाले दुसऱ्या कुणाला बोनेटला हात लावू देत नसत. काम झालं की चाचा कपड्याला हात पुसत आणि म्हणत, "जा." बस, एवढंच. त्यांनी 'जा' म्हटलेली गाडी हैदराबादेपर्यंत बिनघोर जायची. शेडवर पाटी नव्हती, तिची गरजही नव्हती.

ऐन लग्नसराईत माझी ऑइलची बत्ती विझेना. गाड्या पास करणारे साहेब महिन्यातून एकदाच डाकबंगल्यावर येत, आणि ते नेमके दुसऱ्या दिवशी येणार होते. चाचांनी गाडी ऐकली, खाली शिरून पाहिलं आणि म्हणाले, "ऑइलचा पंप घासला. नागपूरहून नवा आना लागन. आठ रोज."

"मंग पासिंग जाते ना जी. महिनाभर गाडी उभी राह्यते. बत्ती तेवढी बंद करून द्या."

"बत्ती बंद कराले काय लागते? पन मंग तुमाले सांगन कोन?"

शिवाय नुसती वायर तोडून भागणार नव्हतं. बत्ती आधी लागते की नाही हेही साहेब बघत. मी संध्याकाळपर्यंत शेडमध्ये ठाण मांडून बसलो. वडिलांचं काढलं, घरात तोंड कसं दाखवू म्हटलं. अखेर चाचांनी हिरव्या बत्तीची वायर लाल बत्तीच्या वायरला जोडून दिली. आता लाल बत्तीबरोबर हिरवी लागणार आणि तिच्याबरोबरच विझणार, मग इंजिनात ऑइल फिरो की न फिरो.

"पासिंग झाली का सीधे इकडं याचं," ते म्हणाले. "वायर मी वापस करतो. पंप बसल्याबिगर सवारी घ्याची नाही. जबान द्या." मी दिली. त्या दिवशी त्यांनी 'जा' म्हटलं नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

साहेबांनी किल्ली फिरवली. दोन्ही लागल्या, दोन्ही विझल्या. "गाडी नीट ठेवली आहे. मिस्त्री कोण?" त्यांनी विचारलं. मी फुशारकीनं चाचांचं नाव सांगितलं.

मग काय, गरज सरो वैद्य मरो. रोज सवारी घेऊन मी शेडवरून जायचो. चाचा हातातला पाना वर करून बोलवायचे, मी खिडकीतून 'उद्या' म्हणून हात हलवायचो. पास झालेली गाडी आपणहून उघडायची म्हणजे मला हात दाखवून अवलक्षण वाटायचं. नवा पंप शेडमध्ये येऊन पडला होता, हेही मला ठाऊक होतं.

मुकुटबनच्या वाटेवर, वऱ्हाडी बसलेले असताना, इंजिन खडखडलं आणि जाम झालं. दोन्ही बत्त्या शांत होत्या. नवरीचे मामा उतरून उन्हात उभे राहिले. "आताच पास झाली म्हनता ना गाडी? मंग बंद काहून पडली? मिस्त्री कोन तुमचा?"

"चाचा. त्यायनंच पाह्यली होती," मी म्हणालो.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कारकुनीत मी हे चांगलं शिकलो होतो.

निरोप गेला तसे चाचा एका ट्रकवाल्याला घेऊन आले. बोनेट उघडल्याबरोबर चाचांना ती वायर तशीच जोडलेली दिसली. मामा भर रस्त्यात त्यांना बोलले, "मानसाच्या जिवाशी खेळता काय?" चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोर बांधायला वाकले. खरं बोलले असते तर माझी पासिंग गेली असती. ते बोलले नाहीत आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

चाचांनी माझं इंजिन पुन्हा बांधून दिलं, वायरही जागेवर लावली. पण मामांचा गोतावळा मोठा होता, गोष्ट तालुकाभर झाली. ट्रक शेडसमोर थांबेनासे झाले. चौकात कुणी चाचांचा विषय काढला की मी चहाच्या पेल्यात बघत बसायचो. वर्षाच्या आत ते दिग्रसला निघून गेले.

तीन-चार वर्षांनी मी एस.टी.नं दिग्रसला गेलो. रस्ताभर एकच वाक्य घोळवत होतो. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला टेकून त्यांचं छोटं शेड होतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मी म्हणालो, "चाचा, चूक माही होती. तुमचं नाव खराब झालं."

"लोक खोटं कुठी बोलले जी? वायर तं म्याच जोडली. हात माहा होता."

मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात दुरुस्त झालेल्या गाडीतून ट्रकवाल्यानं विचारलं, "चाचा, निघू का?"

चाचांनी जाऊन किल्ली फिरवली, बत्ती पाहिली, इंजिन सुरू करून पुन्हा पाहिली. मग बंद करून खाली वाकले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "अजून एक डाव पाह्यतो."

मी चहा संपवून उठलो, तोवर त्यांनी तीनदा पाहिलं होतं. 'जा' मात्र ते म्हणाले नाहीत.