उशिरा मंजूर झालेला उपाय

इंडोनेशियातल्या बांडुंगची नेंदेन आणि आम्ही पाच-सहाजण एका प्रोग्रामिंग भाषेवर हौसेनं, फुकट काम करायचो. ती सर्वांत मोठी, म्हणून तिला तेतेह, म्हणजे ताई, म्हणायचो.

प्रोग्राम बंद पडला की आमची भाषा चूक भलत्याच ओळीवर दाखवायची. नवी माणसं तिथेच दिवसच्या दिवस शोधत बसायची. नेंदेननं वर्षभर खपून त्यावर उपाय लिहिला.

"यानं वेग कमी होईल, तेतेह," आमच्यातला देंडी म्हणाला.

"चुकीचा पत्ता झटपट सांगून काय उपयोग रे?"

वाद चार वर्षं चालला. एका ऑनलाइन सभेत एकदाचा तिचा उपाय सर्वांनी मंजूर केला. पण तोवर भाषेचा गाभाच बदलला होता आणि तिचं काम त्यात बसेना.

"मग नव्यानं लिहायचं कुणी?" मी विचारलं.

देंडी हसत म्हणाला, "आपली तेतेह आहे की!"

"मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला वाचायला सवड नव्हती."

ती सभेतून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी फोन केला.

"तोफू तळतेय, नंतर बोलू," म्हणाली.

ते बोलणं राहूनच गेलं.