भात होते तवर

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली बाईंना मीच दिली होती.

बाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. भांड्यावर झाकण ठेवलं की हात पदराला तीनदा पुसायच्या आणि हाक मारायच्या, "या रे पोरंहो, भात होते तवर फिरून येऊ." मग चुलीपाशी बसून पुस्तक उघडायच्या.

मोहाडीजवळच्या आमच्या शाळेत ग्रंथालय माझ्याकडे होतं. तुमच्यापैकी कुणी मास्तरकी केली असेल तर त्याला ठाऊक असेल, पुस्तक फाटलं की जाब आपल्यालाच. म्हणून गोष्टींची पुस्तकं, मुलांसाठी सोप्या केलेल्या जुन्या कादंबऱ्या, सगळं मी वर्तमानपत्राची कव्हरं घालून कुलपात ठेवलं होतं. तपासणीत "पुस्तके उत्तम स्थितीत" असा शेरा मिळायचा. मला त्याचा अभिमान होता. त्यातलं एकही मी वाचलेलं नव्हतं.

"सर, कोंबड्यावानी कायले झाकून ठेवता जी पुस्तकं?" बाईंनी एकदा विचारलं. त्या सातवी शिकलेल्या. मला हसू आलं आणि मी किल्ली काढून दिली.

त्यांचं वाचन अडखळत चालायचं, पण पोरं हलायची नाहीत. हरवलेला उंट शोधत वाळवंटात निघालेल्या मुलीची एक कादंबरी होती. वाळवंट म्हणजे काय, असं एका पोरीनं विचारलं.

"उन्हाळ्यात आपली बोडी आटते नं, तशी. पर हिले काठच नाही," बाई म्हणाल्या.

मी वऱ्हांड्यात वह्या तपासत होतो. भर बोड्या-तलावांच्या मुलखात माझ्या घशाला कोरड पडली.

एके दिवशी साहेब न कळवता तपासणीला आले. कपाटाचे दोन खण रिकामे. पुस्तकं सापडली तांदळाच्या पोत्यावर, पानोपानी हळदीची बोटं.

"गुरुजी, हे ग्रंथालय आहे का खानावळ? कपाट कोणी उघडलं?"

"मला माहीत नाही साहेब," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढे बोललो, "बाईंनी टेबलावरून किल्ली उचलली असेल."

बाई हातात खिचडी ढवळायचा सराटा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं.

"हो साहेब," त्या म्हणाल्या, "मीच उचलली."

त्याच आठवड्यात शाळा समितीनं त्यांना कामावरून काढलं. नळावरच्या बायका त्यांना पुस्तकचोट्टी म्हणू लागल्या. धान कापून झाल्यावर त्या कोंढ्याला भावाकडे राहायला गेल्या.

नवीन बाई आल्या, खिचडी वेळेवर शिजू लागली. जेवणाच्या रांगेतून तीच पोरगी माझ्याकडे आली. "सर, उंट सापडला का जी?"

पुस्तक माझ्याच कपाटात होतं. "हात धुतले का?" मी दरडावलं.

दोनेक वर्षांनी बाई मोहाडीच्या बाजारात भेटल्या. मी वळणार होतो, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

"पोरं वाचतात का जी सर?"

"वाचतात की."

"मंग बरं हाय. मले वाटे, तुमी भेऊन कपाट बंद करून टाकलं का काय."

कपाट बंदच होतं. त्यांनी टोपलीतले दोन पेरू माझ्या पिशवीत टाकले आणि गर्दीत गेल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

मी अजून त्याच शाळेत आहे. दर महिन्याला समितीची बैठक होते, तिचं इतिवृत्त मीच लिहितो. त्या बैठकीत उभं राहून मला सांगायचं आहे की बाईंनी चोरी केली नव्हती, मी खोटं बोललो होतो. आणि मग कोंढ्याला जाऊन तेच त्यांच्या तोंडावर, त्यांच्या भावासमोर सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.