चांगुणाबाईने घासलेली मोटार

आखाडा बाळापुरात चांगुणाबाईच्या हातचं भांडं वेगळं ओळखू येई. लग्नकार्यात गावभरची भांडी एकत्र झाली, तरी बायका म्हणत, "ही चांगुणाची घागर. हिच्यात बघून कुंकू लावून घे."

ती मूळची कुरुंद्याची. लग्न होऊन बाळापुरात आली, नवरा पटकीच्या साथीत गेला आणि किसनराव देशमुखांच्या घरची भांडी तिच्या हातात आली. त्या कामावर गोठ्यामागची एक खोली मिळाली होती. तिथे ती आणि तिची आंधळी सासू राहत. काम गेलं की खोली जाणार, आणि सासूला घेऊन उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

तिची हत्यारं तीनच होती. चुलीतली राख, भिजवलेली चिंच आणि नारळाची शेंडी. नियमही पक्का होता. भांडं बाहेरून जोर लावून घासायचं, आतून हलक्या हाताने. कारण आत कल्हई असते. कल्हई उडाली की ताक कळकतं, खाणारा आजारी पडतो. बाहेरून मात्र नुसतं पितळ. ते जितकं घासाल तितकं हसतं.

१९३७ साली पोळ्यानंतर किसनरावांनी मोटार आणली. हैदराबादच्या एका नवाबाची होती, विलायतेत बनलेली. तोवर बाळापूरने मोटार म्हणजे हिंगोलीच्या रस्त्यावरची उतारूंची खडखडणारी सर्व्हिस गाडीच पाहिली होती. ती यायच्या आधी तिचा आवाज येई. ही मोटार वेशीत आली तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. वडाखाली बसलेले सटवाजी पाटील अंगावर सावली पडली म्हणून वळले आणि जागच्या जागी दचकले. मग जवळ जाऊन त्यांनी पुढच्या लांबलचक पेटीला कान लावला.

"मेली का काय ही?"

"चालू है, पाटील," ड्रायव्हर मोहनसिंग आतून म्हणाला. हा नांदेडचा शीख, मोटारीबरोबरच कामाला आलेला.

"चालू? मंग बोलून काहून न्हाई राहिली?"

आठ दिवस लोक येऊन बघत होते. काळा रंग, पण दाराला देतात तसला नव्हे. थरावर थर देऊन, प्रत्येक थर घासून गुळगुळीत केलेला. त्यात आभाळ दिसे, गोठ्याचं छप्पर दिसे, बघणाऱ्याचं उघडं तोंड दिसे. आत अक्रोडाच्या लाकडाची चकचकीत फळी, तिच्यात घड्याळ. खिडक्यांना झालरीचे पडदे. दाराजवळ फूल ठेवायला काचेची नळी. मालक आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये काच, आणि हुकूम द्यायला रबरी नळी. मालकाने मागे बसून नळीत पुटपुटायचं, ड्रायव्हरच्या कानाशी ते ऐकू यायचं.

"इतक्या जवळ बसल्यावर नळी कशाला?" चांगुणाबाईने मोहनसिंगला विचारलं.

"बड़े लोग चिल्लाते नहीं, बाई."

"आमचे मालक तर लई चिल्लावतात."

पण तिचे डोळे फिरून फिरून पुढच्या दोन दिव्यांवरच जात. अंघोळीच्या घंगाळाएवढे दिवे, पांढरेशुभ्र, चमकदार. तिला तो धातू कळेना. जर्मन, म्हणजे अॅल्युमिनियम, म्हणावं तर त्याला इतकी चमक नाही. पितळ म्हणावं तर पिवळेपणा नाही.

मोटारीला हात लावायची मात्र कुणाची हिंमत नव्हती. मसाजी गड्याने मडगार्डवर कडब्याची पेंढी क्षणभर टेकवली होती. बारीकसा ओरखडा उठला. किसनरावांनी त्याला त्याच दुपारी बायकापोरांसकट वाड्याबाहेर काढलं. मसाजी तिथला जन्मापासूनचा गडी होता.

खंडेनवमी आली. घरातलं सगळं लोखंड-पितळ स्वच्छ करून पूजेला लावायचा दिवस. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला परभणीहून तालुकदारसाहेब, म्हणजे निजामाचे कलेक्टर, येणार होते, आणि किसनराव त्यांना मोटारीतून सीमोल्लंघनाला नेणार होते. त्यासाठी मोहनसिंग सकाळीच हिंगोलीला पेट्रोलचे डबे आणायला गेला. देशमुखीणबाई कौशल्याबाई परसात येऊन म्हणाल्या, "चांगुणा, समया झाल्या की मोटारीचंबी उरकून टाक. पूजा मांडायचीय."

चांगुणाबाई राख-चिंचेचा वाडगा घेऊन मोटारीपुढे बसली. डाव्या दिव्यावर शेंडी फिरवली. काळं पाणी ओघळलं. ते तिला नेहमीचंच होतं. मग पांढऱ्याच्या मधोमध एक पिवळा ठिपका दिसला. तिने बोटाने चाचपला. पितळ! अस्सल, जाड, भरीव पितळ!

"आगं माय," ती स्वतःशीच म्हणाली, "कुण्या येड्यानं भायेरून कल्हई केली?"

उभ्या आयुष्यात तिने बाहेरून कल्हई केलेलं भांडं पाहिलं नव्हतं. कल्हईवाल्याने फसवलं असणार, किंवा विलायतेतल्या लोकांना आतलं-बाहेरचं कळत नसणार. तिने पदर खोचला आणि नेटाने घासायला घेतलं. मोहनसिंग परत आला तेव्हा डावा दिवा देव्हाऱ्यातल्या घंटेसारखा पिवळाधमक झाला होता.

मोहनसिंगच्या हातातला डबा खाली पडला. पेट्रोलचा वास अंगणभर पसरला.

"बाई! ये क्या कर दिया तुमने?"

"वरची कल्हई काढली. आतून बघ, काय सोनं हाय!"

"कल्हई नहीं बाई. चाँदी थी. चाँदी!"

चांगुणाबाईच्या हातातली शेंडी तिथेच राहिली.

तो खरं बोलत होता. मी स्वतः मुलामा चढवायचं काम शिकलो आहे, म्हणून सांगतो. पितळेची वस्तू चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून वीज सोडली की तिच्यावर चांदी चढते, पण केसापेक्षाही पातळ. मऊ कापडाने पुसायची वस्तू ती. चिंच आणि राख तिच्यापुढे म्हणजे कानस.

किसनराव आले. आरडाओरडा होईल म्हणून सगळे मान खाली घालून उभे होते. पण ते ओरडले नाहीत. एक डोळा पांढरा, एक पिवळा अशा मोटारीकडे बघत राहिले.

"कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "पण पुसाया सांगितलं. घासाया न्हाई."

चांगुणाबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. समयांच्या पाठोपाठ 'उरकून टाक' म्हणणाऱ्या त्याच होत्या.

"उद्या तालुकदार येऊन राहिले," किसनराव हळू म्हणाले, "आन् माझी मोटार काणी? चांगुणे, खोली रिकामी कर."

"मालक, म्हातारी आंधळी हाय. कुठं नेऊ तिला?"

"मसाजी गेला तिकडं ने."

चांगुणाबाईच्या तोंडून पुढचं वाक्य कसं निघालं, ते तिला मरेपर्यंत सांगता आलं नाही.

"मालक, दुसरा घासू का?"

मोहनसिंगने कपाळाला हात लावला. कौशल्याबाई "ही बाई येडी झाली" असं पुटपुटल्या.

"काय म्हन्लीस?"

"काणी दिसती म्हनून तर तकलीफ हाय ना? दोन्ही बराबर करून देते. मंग काढा मला."

किसनराव दोन्ही दिव्यांकडे आळीपाळीने बघू लागले. एका रात्रीत चांदी चढवणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात नव्हता. मग ते घरात गेले. दारातून नुसता आवाज आला, "घास!"

दसऱ्याला तालुकदारसाहेब उतरले ते थेट मोटारीपुढे थांबले. काळ्याभोर अंगावर दोन पिवळे दिवे उन्हात पेटल्यासारखे दिसत होते. साहेबांनी त्यांना हात लावून पाहिलं.

"देशमुख, ये सोने का काम है? ऐसी गाड़ी तो हमने हैदराबाद में नहीं देखी."

किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

चांगुणाबाई गोठ्याच्या भिंतीआड गाठोडं बांधून उभी होती. तिने हे ऐकलं, पण त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं तिला वाटलं नाही. सण उरकेपर्यंत कुणी तिला जा म्हटलं नाही, म्हणून ती राहिली. मग परतीचा पाऊस दोन दिवस लागला, आणि सोन्याचे दिवे काळवंडले. हिरवट डाग उठले. मोहनसिंगने पुसून पुसून हात दुखवून घेतले, पण उघडं पितळ कापडाला दाद देईना. त्याच दिवशी किसनरावांना हिंगोलीला जायचं होतं, तेही तालुकदारांच्याच बैठकीला.

"चांगुणा कुठाय?" त्यांचा आवाज अंगणात घुमला. "गेली का?"

"न्हाई मालक."

"मंग गाठोडं काहून बांधलंय? सोड ते. दिवे घास. आन् चल संगं. रस्त्यात चिखल उडतो. हिंगोलीच्या अलीकडं थांबून पुन्हा घासावं लागल."

चांगुणाबाई मागच्या पायरीवर उकिडवी बसू लागली.

"तिथं पडशील. मोहनसिंगच्या बाजूला बस."

ती वाडगा पोटाशी धरून आत चढली. मोहनसिंगने दार लोटलं. कसलाच आवाज झाला नाही. कडी नाही, खटका नाही. तिची खात्री पटली की दार उघडंच आहे. मोटार निघाली तशी ती घाबरून दोन्ही हातांनी दार ओढून धरून बसली, आणि हिंगोली येईपर्यंत तिने ते सोडलं नाही.